बारीक स्टेपनी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधीच्या गाडीत पूर्ण आकाराची स्टेपनी होती, त्यामुळे टायर बदलला की विषय तिथेच संपायचा. या गाडीत कंपनीने बारीक स्टेपनी दिली आहे. बाकीच्या चार टायरांची रुंदी १८५ मिलिमीटर, हिची १२५, आणि व्यासही कमी. रिमवर पिवळा स्टिकर आहे आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली आहे. गेल्या काही महिन्यांत ती मागच्या चाकाच्या जागी लागली, पुढच्याही लागली, भर पावसातही लागली. त्यामुळे आता तिच्याबद्दल माझं ठाम मत आहे. वस्तू चांगली आहे, पण ती टायरच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरती बनवली आहे. आणि तेवढं तरी ती करणार की नाही, हे तिच्यातल्या हवेवर ठरतं.

म्हणून आधी हवेचंच सांगतो. आपल्या नेहमीच्या टायरात ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. बारीक स्टेपनीत ६० लागते, कारण एवढ्याशा टायरला गाडीचं तेवढंच वजन पेलायचं असतं. कुठल्याही टायरातून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप उतरते, मग तो डिकीत नुसता पडून का असेना. वर्षभर कोणी हात लावला नाही तर ऐन वेळी काय हाती येईल, याचा हिशेब करून बघा. हवा भरायला गेल्यावर चार टायर होतात आणि आपण निघतो, पाचव्याची आठवणच कोणाला होत नाही. मी महिन्यातून एकदा डिकी रिकामी करून गेज (दाब मोजायचं साधन) लावतो. हवा भरणाऱ्याला ६० चा आकडा आधी सांगायचा आणि स्टिकरही दाखवायचा, नाहीतर सवयीने ३३ वर थांबवलं जातं. त्याच वेळी साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे बघून घ्या. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. रबर न वापरताही कडक होतं. रस्त्याला टेकणारी रबराची खाच नवीकोरी दिसते म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या टायरवर भरवसा ठेवू नये.

टायर बदलण्याची पद्धत बहुतेकांना माहीत असते. हँडब्रेक, गिअर, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड, गाडीच्या मागे त्रिकोण. नट जॅक लावण्याआधीच, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅक फक्त पत्र्याच्या कडेला दिलेल्या खाचेखाली लावायचा, आणि जमीन भुसभुशीत असेल तर त्याच्याखाली जाड फळी. गाडी वर असताना स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवतो. चाक निघालं की तिच्या जागी ते चाक. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर टेकते.

एक अडचण मात्र मॅन्युअलमध्ये सहसा नसते. सगळे नट निघाले तरी चाक हलत नाही, कारण रिमचं मधलं भोक गंजाने हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) धरून बसलेलं असतं. अशा वेळी गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालणारे मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका, गाडी जॅकवरून उतरू शकते. नट परत हाताने लावायचे, किंचित सैल ठेवायचे आणि गाडी हळूच खाली घ्यायची. गाडीच्या वजनानेच चाक सुटतं. तरी नाही सुटलं तर गाडी दोन-चार फूट मागेपुढे करायची, ‘टक्’ असा आवाज येतो. नंतर पुन्हा जॅक.

आता पुढे की मागे? माझ्या गाडीला पुढची चाकं ओढतात, इंजिनाची ताकद त्यांनाच जाते. बारीक स्टेपनी पुढे लावली की दोन्ही बाजूंच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरना) सरळ रस्त्यावरही सतत काम पडतं. शिवाय ब्रेकचा बराचसा भार पुढच्याच चाकांवर असतो. दोन्हीकडे लावून चालवल्यावर फरक चांगलाच कळला. पुढे असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात किंचित एका बाजूला जातं, आणि ओल्या रस्त्यावर एबीएसची (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर पायाला नेहमीपेक्षा लवकर लागते. मागे असताना स्टिअरिंग जवळजवळ नेहमीसारखं राहतं. म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर आता मी मागचं चांगलं चाक पुढे घेतो आणि स्टेपनी मागे लावतो. दोनदा जॅक लावावा लागतो, वेळही जातो. पण रस्ता ओला असेल किंवा पुढे घाट असेल तर एवढा खटाटोप करावाच. जागा धोक्याची असेल तर तिथे थांबू नका, आहे तशी लावून आधी सुरक्षित ठिकाणी पोचा.

वेगाचं म्हणाल तर ८० ही वरची हद्द आहे. मी ६० च्या आत राहतो, कारण ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि त्या कोपऱ्यात गाडी थोडी खाली बसलेली असते, खड्ड्यात घासते. टायरच्या हवेचा दिवा पेटलेलाच राहतो, स्टेपनीत सेन्सर नसतो. त्याने घाबरायचं कारण नाही, पण बाकीच्या तीन टायरांवर लक्ष आपणच ठेवायचं. पन्नासेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायचे, समोरासमोरचे आळीपाळीने. पान्यावर उभं राहून आवळू नका, बोल्टचे आटे जातात.

खरी तक्रार एकच. काढलेलं रुंद चाक स्टेपनीच्या खळग्यात मावत नाही. सामानाने भरलेल्या डिकीत ते चिखलाचं चाक कुठे ठेवायचं, याचा विचार गाडी बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. मी एक जुनी ताडपत्री कायमची ठेवली आहे.

‘चालतेय ना’ म्हणून आठवडाभर बारीक स्टेपनीवरच फिरणारे दिसले की मला खरोखर काळजी वाटते. तिची खाच मुळातच उथळ असते. आणि काढलेल्या टायरची साइडवॉल फाटली असेल तर तो दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. तेव्हा दुकानात लगेच गेलेलं बरं.

पूर्ण आकाराची स्टेपनी खळग्यात बसत नाही, म्हणून हीच ठेवणार आहे. सोबत हवा भरायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतला. तुम्ही घेणार असाल तर तो ६० पीएसआयच्या वर जातो का, हे आधी बघा, आणि वायर मागच्या चाकापर्यंत पुरते का तेही.