मार्केट यार्डातून किराणा भरला, महिन्याला २१३ रुपये वाचले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच माघारी फिरता येईल. पुण्यात धनकवडीतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन, चार घरांचा किराणा एकदम भरून, माझ्या घराचे महिन्याला २१३ रुपये वाचले. मार्केट यार्डात सगळं निम्म्या भावात मिळतं असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. त्यातल्या एकानंही स्वतः कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, उचलून आणलेला नसतो.

मी एसटीत कंडक्टर होतो, स्वारगेटला. वे-बिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि पिशवीतली रोकड यांचा मेळ बसल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही, म्हणून किराण्याचीही वही आहे. खालचे आकडे सगळे त्या वहीतले. भाव रोज हलतो, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा तो वेगळा असणार. दोन दुकानांतला फरक तेवढा बघा.

या उद्योगात आम्ही चार घरं आहोत. आम्ही, समोरच्या वहिनी, तळमजल्यावरचे गुरुजी आणि दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी आयटीतली दोन पोरं, ज्यांना भाताखेरीज काही करता येत नाही. दोन महिन्यांतून एकदा जातो. रविवारी भुसार, म्हणजे धान्य-किराण्याचा बाजार, बंद, म्हणून मधल्या वारी.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला तिथं जरा बिचकायला होतं. घाऊक व्यापाऱ्यांच्या गाळ्यांच्या लांबच लांब रांगा, समोर मागं-पुढं होणारे ट्रक, पाठीवर पोतं घेऊन येणारे हमाल. 'बाजू, बाजू' ऐकू आलं की विचार न करता बाजूला व्हायचं, मान वळवून बघत बसायचं नाही. मी ज्या गाळ्यावर घेतो त्याचं नाव लिहिणार नाही. तिथं आत्ताच बसायला स्टूल मिळत नाही.

शेठ पहिल्या खेपेला मान वर न करता म्हणाले, "किती कट्टे?" मी म्हटलं, "तांदळाचा एक, गव्हाचा एक, बाकी पाच-दहा किलो." तेव्हा वर बघितलं. पाच किलोच्या खाली ते सोडत नाहीत. दोन किलो हवं असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडंच जावं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुढ्यात ताटल्यांमध्ये नमुने मांडलेले असतात. इथं घाई केली की फसलात. शेंगदाण्यात घुंगरू आणि स्पॅनिश वेगळा, साखरेत एस आणि एम वेगळी. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. चहात दोन्ही सारख्याच विरघळतात, मी जी स्वस्त असेल ती घेतो. तांदळाला मात्र वेळ द्यावा. मूठभर तळहातावर घ्यायचा, हळूच फुंकर मारायची, भुसा उडतो आणि कणी दिसते. मग एक दाणा दाढेखाली धरायचा. जुना कटकन तुटतो, नवा जरा दबतो. इंद्रायणीचं पीक दिवाळीच्या आसपास निघतं. तो नवा तांदूळ वासाला झकास, पण पाणी थोडं जास्त झालं की भाताचा गिचका. जुना पाणी जास्त पितो आणि भांड्यात जास्त दिसतो. भाव विचारायच्या आधी "नवा की जुना?" असं विचारलं, की समोरचा आपल्याला निराळ्या रकान्यात टाकतो. दुसरा प्रश्न, "वजन निव्वळ की बारदानासकट?", म्हणजे पोत्याचं वजन धरून की सोडून. हा विचारल्यावर शेठ पहिल्यांदा हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

आता वही, माझ्या घराच्या वाट्यापुरती. गहू ३० किलो, किलोमागं ६ रुपये कमी, म्हणजे १८०. तूरडाळ ५ किलो, फरक १६ रुपये, ८०. शेंगदाणे ४ किलो, फरक १८, म्हणजे ७२. तांदूळ माझ्या वाट्याला साडेसात किलो, फरक १०, म्हणजे ७५. साखर, गूळ, पोहे, हरभराडाळ मिळून १०९. एकूण ५१६. यातून टेम्पोच्या ३०० रुपयांतला माझा चौथा हिस्सा ७५ आणि हमाली-चहाचे १५ वजा करा. राहिले ४२६, तेही दोन महिन्यांचे. सगळ्यात जास्त गव्हात सुटतं, म्हणजे ज्या घरात पोळ्या लाटल्या जात नाहीत त्यांनी एवढी पायपीट करू नये. वरच्या पोरांना मी हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "काका, आम्हाला मजा येते." ठीक आहे.

कट्टा घेण्यात एक कराचीही गोष्ट आहे. जुलै २०२२ पासून छापील पाकिटातल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागतो, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटालाच. त्याहून मोठ्या कट्ट्याला नाही, आणि काट्यावर मोजून दिलेल्या सुट्ट्या मालालाही नाही. म्हणजे चकचकीत पिशवीतली पाच किलोची डाळ घेताना पिशवीची ऐट आणि कर दोन्ही आपणच भरतो.

आता जिथं मी स्वतः शहाणा ठरलो नाही ते. पहिल्या खेपेला उत्साहाच्या भरात रवा आणि बेसनही दहा-दहा किलो उचललं. जून महिना होता. पावसाळी हवा लागली आणि तीन आठवड्यांत रव्यात जाळी, बेसनात पोरकिडे. चार किलो रवा टाकून द्यावा लागला, १६० रुपये. पाऊण महिन्याची बचत गेली. ही काही बोलली नाही, फक्त डबा माझ्यासमोर उघडून ठेवला. तेव्हापासून दळलेलं काहीही आम्ही जास्त आणत नाही. डाळीला ती एरंडेल चोळते. परातीत डाळ पसरायची, तेलात बोटं बुडवून दोन्ही हातांनी चोळत राहायचं, दाण्याला नुसती चमक येईपर्यंत. मग दोन उन्हं दाखवून डबा बंद. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला. या कामाचे पैसे माझ्या वहीत कुठं धरलेले नाहीत, हे तिनं मला मागच्याच महिन्यात दाखवून दिलं.

दुसरी फजिती तेलाची, आणि ती यार्डातली नाही, घराजवळच्या एका दुकानातली. शेजारी शेजारी दोन डबे, एकच कंपनी. एकाचे २,१५० रुपये, दुसऱ्याचे २,३१०. दोन्हींवर ठळक '१५'. मी अर्थातच स्वस्तातला उचलला. घरी सूनबाईनं चष्मा न लावता वाचलं, "बाबा, हा लिटरचा आहे." दुसरा किलोचा होता. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वरच, १३ किलो ६५० ग्रॅम. भागाकार केला तर माझा स्वस्त डबा किलोला चक्क १५७ रुपये ५० पैशांना पडला आणि महागाचा १५४ ला. आयुष्यभर तिकिटावरचे आकडे वाचले आणि डब्यावरची दोन अक्षरं वाचली नाहीत.

साबण, पेस्ट, शाम्पू यांच्यासाठी यार्डात जाऊ नका. ते मोठ्या दुकानांच्या सवलतीतच स्वस्त पडतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. तिथं बघायचं ते 'एकावर एक' वगैरे पाट्यांकडं नाही, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेल्या एका ओळीकडं: एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे. ही ओळ आता बहुतेक पाकिटांवर छापावीच लागते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा समज त्या ओळीनं माझ्या डोक्यातून काढला. शाम्पूची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते असं बऱ्याचदा दिसतं. आमच्या न्हाणीघरात म्हणून पुड्यांची माळ लटकते आणि सूनबाई पाहुणे आले की ती काढून ठेवते.

मोठ्या दुकानाची खरी अडचण भाव नसून ती ढकलगाडी आहे. वहीत तीन खेपांची नोंद आहे: यादीत चार जिनसा, घरी आल्या अकरा. एकदा तर फळं कापायचं यंत्र आलं. यार्डात ही भानगड होत नाही, कारण तिथं कुणी काही दाखवतच नाही. शेठ स्वतःहून काजूसुद्धा दाखवत नाहीत. वरच्या पोरांच्या दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपचंही तेच. एक कोथिंबीर मागवायची म्हणून उघडतात आणि वरच्या आकारासकट बिल अडीचशेवर जातं. पण रात्री अकराला दूध हवं असेल तर मीही त्यांच्याच दारावर टकटक करतो.

वाटणी मात्र बघण्यासारखी असते. तांदळाचा कट्टा ३० किलोचा, चौघांत साडेसात-साडेसात. खाली पार्किंगमध्ये स्प्रिंगचा काटा जिन्याच्या गजाला अडकवतो, खाली जुनी चादर अंथरतो. पहिल्या वेळी वहिनींना साडेसात देऊन वर एक मूठ टाकली, गुरुजींना कमी कसं द्यायचं म्हणून त्यांनाही मूठ, पोरांनाही मूठ. शेवटी माझ्या पिशवीत पावणेसात किलोच उरला. कट्ट्याला भोक होतं की काय म्हणून मी उलटा करून बघितला. भोक नव्हतं, मुठी होत्या. आणि थोडं चादरीवर सांडलेलं, ते चिमण्यांना. वाटणाऱ्यानं आपला वाटा शेवटी घ्यायचा हा नियम मीच घातला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. आता मुठीवर बंदी आहे. काटा साडेसातवर थरथरायचा थांबला की पिशवी बाजूला. गुरुजी स्वतः वाकून आकडा वाचतात आणि मोठ्यानं म्हणतात, "बरोबर."

जाणार असाल तर थोडं कामाचं. सकाळी अकराच्या पुढं जा, त्याआधी माल उतरत असतो आणि तुमच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो. घरच्या जाड कापडी पिशव्या न्या. पक्कं बिल मागून घ्या, मागितल्यावर देतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र येऊ नये, गाळ्याच्या पायऱ्या उंच आहेत. टेम्पो ठरवताना "जिन्यापर्यंत की गेटपर्यंत" हे आधी बोला. भूक लागली तर हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवा, तिथल्या झुणका-भाकरीत उगाचची पदरमोड होत नाही. दिवाळीत दि पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संघटना ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते, तोही आम्ही त्याच फेरीत उचलतो. हिला चिवडा पसंत आहे. लाडवाबद्दल तिचं मत मी इथं लिहीत नाही.

पुढची खेप पंधरा दिवसांनी आहे. यादी दारावर लावली आहे. वहिनींनी काल तिच्याखाली पेन्सिलीनं 'बेसन १० किलो' लिहिलं होतं. आमच्या हिनं ते खोडलं.