खुब्यातली फाटलेली कड: शिवून घ्यायची की व्यायामानं सांभाळायची?

एमआरआयमध्ये ‘लेब्रल टेअर’ आलं म्हणून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. खुब्याच्या वाटीभोवतीची ही कूर्चेची कड काहीच दुखत नसलेल्या कित्येकांचीही फाटलेली सापडते. शंका असेल तर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. तेवढ्यापुरती जांघेतली कळ थांबली तर दुखणं बहुधा सांध्यातलंच. नाही थांबली तर आधी कंबर तपासा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची बाजू लंगडी नाही. कड अँकरनं, म्हणजे हाडात बसवलेल्या बारीक खुंटीनं, हाडाला शिवतात आणि तिला चिमटा काढणारी मांडीच्या हाडावरची वाढ घासतात. ही वाढ अर्धवट राहिली की दुखणं परत येतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात खुब्यात असा चिमटा बसणाऱ्या ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात खुब्याचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीत (जास्त गुण म्हणजे त्रास कमी) वर्षभरानं ऑपरेशनवाल्यांना शंभरपैकी सरासरी ५८.८ गुण मिळाले, व्यायामवाल्यांना ४९.७. सुरुवातीचा फरक वजा करता आघाडी ६.८ गुणांची. पण सुधारले दोघंही.

तरी मी व्यायाम निवडला, तो एका कटकटीमुळे. ऑपरेशननं व्यायाम चुकत नाही. दोन-चार आठवडे कुबड्या, मग महिनोन् महिने तोच पाठीवर पडून कंबर उचलायचा ब्रिज, तीच कुशीवर पडून पाय उचलण्याची कसरत, आणि धावायला साधारण तीन-चार महिन्यांनी परवानगी. शिवाय ऑपरेशनवेळी पाय ताणून सांधा उघडल्यामुळे काहींना जांघेत तात्पुरता बधिरपणा येतो, तो वेगळाच. व्यायाम करायचाच आहे, तर आधी करून बघावा, असा माझा हिशेब.

मात्र तो नेमका हवा. एक दिवसाआड, दहाचे तीन फेरे, निदान बारा आठवडे. इथे फसतं ते ताणण्यात: खुबा आखडला म्हणून गुडघा छातीशी ओढला की कड पुन्हा चिमटली जाते. तोवर उकिडवं बसणं बंद, मांडी घालूनही दुखत असेल तर तीही. खुर्ची अशी की खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील. अर्थात, कमोड नसलेल्या घरात हे बोलायला सोपं.

पाय अडकत असेल, किंवा तीन महिने नीट करूनही जिन्यावर कळ येत असेल, तर सर्जनकडे जरूर जावं. मात्र एक्स-रेत सांध्यातली फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर कड शिवून फारसं हाती लागत नाही. वाटी मुळातच उथळ असेल तर नुसत्या दुर्बिणीनं भागत नाही. तिथे वाटीची दिशा बदलणाऱ्या मोठ्या ऑपरेशनचा विचार होतो.