पोस्टरसाठी इंकस्केप: ग्राफ जास्त असतील तर हेच घ्या

कॉन्फरन्सचं पोस्टर करायचं म्हटलं की निम्मी जनता पॉवरपॉइंट उघडते, आणि चालतं पण ते, स्लाइड 56 इंचापर्यंत मोठी करता येते म्हणजे ए0 आरामात बसतं. पण ग्राफ जास्त असतील तर इंकस्केप (व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) वापराच राव, फुकट आहे म्हणून नाही, खरंच कामाचं आहे. मॅटप्लॉटलिबमधून (पायथनची ग्राफ काढायची लायब्ररी) ग्राफ एसव्हीजी म्हणजे व्हेक्टर फाइल म्हणून काढायचा (मॅटप्लॉटलिबमध्ये svg.fonttype ही सेटिंग 'none' करा बरं का, नाहीतर अक्षरांचे नुसते आकार येतात, टेक्स्ट म्हणून एडिटच होत नाहीत), इंकस्केपमध्ये इम्पोर्ट करून अनग्रुप (भाग सुटे) केलं की अक्षावरचे बारके आकडे मोठे करा, लेजंडमधली नावं उचलून थेट रेषेशेजारी ठेवा, रंग बदला, कोड परत चालवायची कटकट नाही. डेटाचे पॉइंट मात्र लॉक करून टाका, चुकून हलले तर संपलंच सगळं. व्हेक्टर (पिक्सेल नाही, रेषांचं गणित) असल्यामुळे ए0 च्या 841 बाय 1189 मिमीवर पण रेषा एकदम शार्प.

मजकुराच्या बाबतीत मात्र बोंब आहे. बुलेट, टेबल सगळं हातानेच जुळवायचं. सीएमवायकेचा (छपाईच्या शाईच्या रंगांची पद्धत) सपोर्ट पण तोकडा, त्यामुळे स्क्रीनवरचा भडक निळा प्रिंटमध्ये मळकट येऊ शकतो, प्रिंटवाल्याकडून आधी छोटा तुकडा काढून घ्या. आणि पूर्ण पोस्टर एकदा ए4 वर छापून बघाच, 24 पॉइंटचं अक्षर तिथे 6 पॉइंटचं होतं, ते वाचता आलं तर बिनधास्त पुढे जा. पीडीएफ काढताना टेक्स्टचे पाथ (नुसते आकार) करा, म्हणजे देवनागरी फॉन्ट दुसऱ्या मशीनवर फुटत नाही. इंकस्केपला माझे पाचपैकी चार.