बोया बीवाय-एम१ : कॅमकॉर्डरला लावल्यावर खरखर का येते?

मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्यांत हा कॉलर माइक लाडका, तर कॅमकॉर्डरवाल्यांत बदनाम. 'खरखर फार' ही ठरलेली तक्रार. किमतीच्या मानाने माइक चांगला आहे, आवाज भरीव पकडतो. खरखर बहुतेक वेळा जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असते.

आधी वायरीतली डबी बघा. स्विचला दोनच जागा आहेत: एक 'ऑफ' आणि स्मार्टफोनची, दुसरी कॅमेऱ्याची. पिन चार भागांची असल्यामुळे फोनच्या जागी स्विच राहिला, तर आवाज पिनेच्या बुडाच्या भागात येतो. कॅमकॉर्डरच्या सॉकेटात नेमका तोच भाग ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, टेकतो. आवाज तिथेच जिरतो, कॅमकॉर्डरची ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय) उगाच गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, चढवत राहते आणि हेडफोनमध्ये नुसतं सूंऽऽ ऐकू येतं. स्विच कॅमेऱ्यावर आणला की माइक डबीतल्या एलआर४४ या बटणाएवढ्या सेलवर चालतो. काम संपल्यावर तो 'ऑफ' केला नाही, तर पुढच्या कार्यक्रमाला सेल उतरलेला मिळणार. उतरता सेल लगेच गप्प होत नाही. आवाज आधी बारीक होतो, मग फाटतो. नवा सेल मल्टिमीटरवर १.५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १.२ वर आलेला सरळ बदला आणि एक जादा सेल पिशवीत ठेवा.

वक्ता थांबला की सूं वर येतो आणि बोलू लागला की दबतो? मग ती ऑटो गेनची करामत. मेनूत माइक लेव्हल मॅन्युअल करा, मोठ्यात मोठा आवाज स्क्रीनवरच्या लेव्हल मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला की गेन आपोआप कमी लागतो. मंगळसूत्र किंवा कडक इस्त्रीचा कुर्ता घासला तर खसखस येते. क्लिपखाली वायरीचा छोटा वेढा घेऊन टेपने चिकटवा.

एकसुरी घूं असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. थांबली तर ती चार्जरमधून येणारी ५० हर्ट्‌झची हम आहे. ६ मीटर वायर एक्स्टेन्शन बोर्डाला समांतर टाकू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. 'ट्रर्र-ट्रर्र' असा आवाज वक्त्याच्या खिशातल्या फोनचा. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

पिन हलवल्यावर कडकड होते का? काही कॅमकॉर्डरवर सॉकेटचं रबरी झाकण पिनेच्या आड येतं आणि पिन शेवटचा मिलिमीटर आत जातच नाही. झाकण पूर्ण मागे वळवा, पिन टक् करून बसू द्या. एवढं करूनही कडकड राहिली, तर वायर पिनेच्या मुळाशी तुटत आली आहे असं समजा.

घेण्याआधी कॅमकॉर्डरला ३.५ मिमीचं माइक सॉकेट आहे ना, ते बघा. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ला ते नाही. तिथे हा माइक निरुपयोगी, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा फोनवर घ्यावा लागेल. सोबत ६.३५ मिमीचा अडॅप्टर मिळतो, तो माइक मिक्सरला लावण्यासाठी. कीर्तनात मिक्सरचा लाइन आउट (माइकपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) थेट कॅमकॉर्डरच्या माइक सॉकेटात घालायला तो नाही. त्या कामाला अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, असलेली वायर लागते, नाहीतर आवाज फाटूनच येणार.