स्टिरिओ फोटो मेकर: चष्म्याविना त्रिमिती चित्रे पाहणाऱ्यांसाठी

जपानच्या मासुजी सुतो यांनी तयार केलेला 'स्टिरिओ फोटो मेकर' हा विंडोजवर चालणारा मोफत प्रोग्राम मी बरीच वर्षे वापरतो आहे. एकाच दृश्याची डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेली दोन चित्रे तो जुळवून त्रिमिती पाहण्याजोगी करतो. लाल-निळ्या चष्म्यातून पाहिले की चित्राचे मूळ रंग हरवतात, आणि मी हौसेने मागवलेल्या पुठ्ठ्याच्या व्ह्यूअरची भिंगे एका पातळीत नसल्यामुळे पाच मिनिटांतच कपाळ ठणकू लागले होते. म्हणून मी शेजारी-शेजारी ठेवलेली दोन चित्रे डोळे तिरळे करून पाहायला शिकलो.

या पद्धतीत डाव्या डोळ्याचे चित्र उजवीकडे आणि उजव्या डोळ्याचे डावीकडे ठेवतात. पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर आणि दोन चित्रांच्या मध्यांमधले अंतर 10 सेंटिमीटर असेल, तर पेनाचे टोक डोळ्यांपासून साधारण 23 सेंटिमीटरवर धरून त्यावर नजर लावावी; मागे दोनऐवजी तीन चित्रे दिसू लागतात आणि मधले चित्र त्रिमिती असते. डोळे जवळ वळले की त्यांचा फोकसही जवळ येतो, त्यामुळे ते आधी धूसर दिसते. पेन बाजूला करून, मान सरळ ठेवून थोडा धीर धरला की ते स्वच्छ होते.

प्रोग्रामचे खरे मोल जुनी चित्रे पाहताना कळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हजारो स्टिरिओ कार्डे, म्हणजे अशी दोन चित्रे शेजारी छापलेले जुने पुठ्ठे, मोफत पाहता येतात, पण ती अमेरिकन लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1861च्या सुमारास प्रचारात आणलेल्या हातातल्या स्टिरिओस्कोपसारख्या दोन भिंगांच्या उपकरणांसाठी छापलेली असल्याने त्यांत डावे चित्र डावीकडेच असते. तशीच तिरळ्या नजरेने पाहिली, तर मागची इमारत पुढे येते आणि पुढचा माणूस भिंतीत कोरल्यासारखा आत जातो. प्रोग्राममध्ये 'एक्स' ही एकच कळ दाबली की बाजू बदलतात आणि सारे जागच्या जागी येते. शंभर वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेतली हातगाडी, तिच्यामागचा माणूस आणि त्याच्या मागचा सज्जा एकापाठोपाठ एक असे सुटे होताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी किती तरी वेळ पडद्यासमोरून उठलो नव्हतो.

दुसरी मोठी सोय म्हणजे आपोआप जुळणी. अंगणातल्या तुळशीचे मी साध्या मोबाइलवर दोन फोटो काढले, एक डाव्या पायावर भार देऊन आणि दुसरा उजव्या. हाताने काढलेल्या अशा फोटोंत एक थोडा वर, एक किंचित कललेला असतोच, आणि डोळ्यांना आडवा फरक चालतो पण उभा मुळीच सोसत नाही. 'ऑल्ट' आणि 'ए' दाबताच प्रोग्रामने वळण, आकार आणि उंची जुळवून दिली, आणि एकेक मंजिरी पानांपासून वेगळी उभी राहिली. वाऱ्याने हललेली दोन-चार पाने मात्र चमचमत राहिली. त्यावर शांत हवेची वाट पाहण्याखेरीज इलाज नाही.

मेनू भरगच्च आहेत, पण नवशिक्याला वरच्या दोन सोयी पुरेशा आहेत. एका डोळ्याची दृष्टी लहानपणापासून कमजोर असलेल्यांना ही खोली बहुधा दिसणार नाही, आणि डोळे दुखू लागले तर कोणीही तिथेच थांबावे. शिकणाऱ्याने चित्रे लहान करून सुरुवात करावी, कारण अंतर कमी असले की डोळे कमी वळवावे लागतात. मी आजही नवे चित्र आधी तळहाताएवढे करून पाहतो आणि मगच मोठे करतो.