शाफ्ट बदलण्याआधी कपलिंग उघडा : जुन्या इनबोर्ड स्की बोटीचा वापरानंतरचा अनुभव

आमच्या बोटीचा शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), स्ट्रटमधला (तळाखाली शाफ्टला आधार देणाऱ्या पायातला) रबरी बुश आणि गिअरबॉक्सचं मागचं सील, हे तिन्ही बदलावं लागेल असं सांगणारं अंदाजपत्रक हातात पडलं, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. यातला एकही भाग खराब नव्हता. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला असता तर तासाभरात कळलं असतं. ते न करता मजुरीसकट आकडा मांडणाऱ्या मेकॅनिकवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

बोट कशी आहे ते थोडक्यात सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांना या जातीच्या बोटी माहीत असतात. अमेरिकी बनावटीची जुनी फायबर बोट, व्ही-8 इंजिन बोटीच्या आतच मधोमध, डायरेक्ट ड्राइव्ह (इंजिनामागून शाफ्ट सरळ पंख्यापर्यंत), एक इंच जाडीचा शाफ्ट, तीन पात्यांचा पंखा. आम्ही चौघांनी मिळून सेकंडहँड घेतली आणि दसऱ्यापासून परवानगी काढून रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर चालवतो. मागे लाट लहान पडते, स्कीवाल्याला ओढून उभं करायला जोर भरपूर, वळणावर सरळ धरून राहते. पेट्रोल खूप पिते. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार थरथरीची. हिवाळा संपता संपता 2,200 आरपीएमच्या पुढे पायाखालची फळी गुणगुणायला लागली. मग ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या दोरी भरलेल्या जोडातून, पाणी जास्त ठिबकू लागलं. शाफ्ट फिरत असताना दोरीच्या ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्यानेच ती थंड राहते. इथे मात्र धार लागली, आणि नट आवळला की ग्लँड हाताला चटका देईल इतकी तापायची. आवळलं तर तापते, सैल केलं तर गळते, याचा अर्थ बहुधा शाफ्ट ग्लँडच्या मधोमध फिरत नाही. हे लक्षण मेकॅनिकला सांगितलं. तो म्हणाला, "शाफ्टच वाकला आहे भाऊ, आवाजावरूनच समजून राहिलं." फट मोजली का, विचारलं तर म्हणे त्याची गरज नाही. भेटीचे पैसे मात्र घेतले.

माझे मामा कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. पंप आणि मोटरच्या कपलिंगचं अलाइनमेंट करण्यात, म्हणजे दोन्ही एका रेषेत आणण्यात, त्यांची अख्खी नोकरी सरली. अंदाजपत्रक पाहून ते एवढंच म्हणाले, "शाफ्टले हात लावू नको बाबू, आधी फट पाह्य." दुसऱ्या रविवारी डायल गेज (काट्यावर बारीक हालचाल दाखवणारं मोजमापाचं साधन) आणि त्याचा चुंबकी स्टँड पिशवीत घालून ते सोबत आले.

पहिली तपासणी फुकटची. बोट पाण्यात, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि ज्या आरपीएमला थरथर होते तिथपर्यंत इंजिन थोडा वेळ नेलं. थरथर नाही. म्हणजे इंजिनवरचा संशय मिटला, दोष गिअरबॉक्सच्या मागे. मग पंखा. आमच्याकडे जादा पंखा आहे, तो लावून पाहिला, थरथर तशीच. मग कपलिंग. उघडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (कपलिंगच्या एकमेकींना टेकणाऱ्या चकत्यांवर) सेंटर पंचने खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. बोल्ट काढून शाफ्ट थोडा मागे सरकवला की त्याचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. ते तसंच धरून मोजलं तर आकडा खोटा येतो. म्हणून लाकडी पाचर देऊन शाफ्ट शाफ्ट-लॉगच्या (तळातल्या शाफ्टच्या नळीच्या) मधोमध आणला, फ्लँज हाताने एकमेकांना टेकवल्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेज घातला. वर टेकलेलं, खाली 0.30 मिमी. चालण्यासारखी फट 0.08 मिमीपर्यंत, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी.

आता जी गोष्ट त्या मेकॅनिकने करायला हवी होती ती. गिअरबॉक्सची फ्लँज धरून ठेवली आणि शाफ्टची फ्लँज अर्धा फेरा फिरवली. फट खालीच राहिली. ती शाफ्टबरोबर फिरून वर गेली असती तर शाफ्ट वाकलेला, नाहीतर फ्लँज शाफ्टच्या निमुळत्या टोकावर तिरपी बसलेली. जागची हलली नाही, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. मामांनी तरीही शाफ्टवर डायल लावून तो हाताने फिरवला. काटा 0.04 मिमीत फिरला. शाफ्ट सरळ आहे! नवीन शाफ्टचा खर्च तिथेच वाचला.

फट खाली उघडी याचा अर्थ इंजिनचं नाक वर किंवा शेपूट खाली. कपलिंगचा व्यास 100 मिमी, इंजिनच्या पुढच्या-मागच्या माउंटमधलं (ज्या रबरी पायांवर ते बसतं त्यांच्यातलं) अंतर सुमारे 500 मिमी, म्हणजे पाचपट. 0.30 ला पाचने गुणा, 1.5 मिमी. तेवढं पुढून उतरवा किंवा मागून उचला. पुढचे नट हाताशी असतात, म्हणून बहुतेक जण पुढून उतरवतात. पण आमच्याकडे दोन्ही फ्लँजच्या कडाही जुळत नव्हत्या, गिअरबॉक्सची कड खाली होती. शेपूटच बसलेलं. टॉर्च घालून पाहिलं तर मागच्या माउंटचे रबर दबलेले, डावीकडच्या रबरावर गिअरबॉक्सचं तेल ठिबकून तो फुगलेला, आणि त्याचा बोल्ट स्ट्रिंगरच्या (तळाच्या लांब तुळईच्या) लाकडात सैल.

आणि इथे येतो या बोटीचा तो एक दोष, ज्यासाठी मी तिचे गुण कापतो. मागच्या डाव्या माउंटचा नट. एका अंगाला स्ट्रिंगर, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्स, वरून एक्झॉस्टचा होज. बाराकोनी रिंग पान्याला पुढचा कोन पकडायला निदान 30 अंश फिरावं लागतं, इथे तेवढीही जागा नाही. सॉकेट बसत नाही, कारण वर बोल्टचा आटा लांब उभा आहे. ज्या जोडणीवर सगळ्या ट्रान्समिशनचं आयुष्य अवलंबून आहे, तिचा नट फिरवायला जागा न ठेवणं ही डिझाइनची चूक आहे, आणि ती मला अक्षम्य वाटते. पुढचा होज काढला, ट्रे काढला, तरी नाही. शेवटी इतवारीतल्या लोहाओळीतून एक जुना पाना घेतला, वेल्डरकडून दांडा कापून तिरपा जोडून घेतला, तेव्हा नट हलला. हा पाना आता बोटीतच राहतो. ही बोट घेणाऱ्याने पहिल्या दिवशी असा पाना करून घ्यावा.

बोल्टचं भोक मोठं करून, लाकूड पूर्ण वाळवून, इपॉक्सी भरून पुन्हा पाडलं. उन्हाळ्यात नागपुरात लाकूड वाळवायला हीटर लागत नाही. नवीन रबर टाकले, इंजिन मागून उचललं. ट्रेलरवर मोजलं तेव्हा फट 0.05. पण मामांचा आग्रह होता की पाण्यात पुन्हा मोजायचं. त्यांचे पंप काँक्रीटच्या पायावर बसलेले असत, इथे पायाच तरंगतो. बोट खिंडसीत उतरवली, टाकी भरली, रात्रभर सोडली आणि सकाळी कपलिंग उघडलं तर 0.12. ट्रेलरच्या फळ्यांवर तळ ज्या जागी टेकतो, त्या जागी पाणी त्याला टेकवत नाही, म्हणून आकार किंचित बदलतो. पाण्यातच शेवटचा पाव फेरा दिला आणि 0.05 वर आणलं. ट्रेलरवर अलाइनमेंट करून पैसे घेणाऱ्यांना हे जरूर विचारा, पाण्यात कधी मोजणार?

स्ट्रटचा बुशही पाहिला. रबर आतून एका बाजूला चकाकत होता, तिरप्या शाफ्टची तीच खूण, पण शाफ्ट हाताने हलवला तर खेळ अर्ध्या मिमीचाही नव्हता. इंची शाफ्टला दीड मिमीच्या आसपास खेळ झाला की बुश बदलायचा, तोवर नाही. गिअरबॉक्सच्या सीलचं तेल कपलिंग सरळ झाल्यापासून थांबलं आहे.

दोन बाबतींत माझं मत बदललं. इंजिन मधोमध असल्याने बसायची जागा जाते, हे मला सुरुवातीला खटकायचं. आता वाटतं की झाकण उघडून बोटीत बसल्या बसल्या कपलिंग हाताशी येतं, यापरतं सुख नाही, तो एक नट सोडून. आणि दोरीची ग्लँड काढून न गळणारं सील बसवायचा विचार सोडून दिला. ग्लँडचे थेंब आणि तापमान यांनीच पहिला इशारा दिला होता. मी अजून दर फेरीनंतर हात लावून पाहतो. कोमट असते.

खर्च म्हणाल तर रबर, इपॉक्सी, होजच्या क्लिपा, वेल्डर आणि गेज धरून अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. आता 3,000 आरपीएमलाही फळी शांत. कुणी विचारलं तर ही बोट घ्या म्हणेन, मात्र सौदा करण्याआधी मालकाला कपलिंग उघडायला सांगा. तो नाही म्हणाला तर किमतीतून मागच्या माउंटचे पैसे कापा. आणि फीलर गेज घेताना सगळ्यात पातळ पातं 0.05 मिमीचं किंवा त्याहून बारीक आहे ना ते बघून घ्या. जाड पात्यांपासून सुरू होणारा संच या कामाला चालत नाही.