ट्रेकची मॅट घेताना जाडीला भुलू नका (फोम, सेल्फ इन्फ्लेटिंग, एअर, सगळ्यांवर झोपून लिहितोय)

मॅट घ्यायला गेलं की सगळे आधी दाबून बघतात किती गुबगुबीत आहे, आणि माझं म्हणणं आहे की ते सगळ्यात शेवटी बघा. आमच्या घरात साधी फोमची कॅरीमॅट, सेल्फ इन्फ्लेटिंग (म्हणजे आपोआप फुगणारी) आणि तोंडाने फुगवायची हलकी एअर मॅट अशा तिन्ही आहेत, शिवाय मेव्हण्याचा डबल एअरबेड गाडीतून येत असतोच.

आधी एअरबेडचं सांगतो. पवना, भंडारदरा असं जिथे गाडी तंबूपर्यंत जाते तिथे न्यायला ठीक, पण डिसेंबर-जानेवारीत २० सेंटिमीटर जाड बेडवर झोपूनसुद्धा पहाटे पाठ गारठते. कारण आत नुसती हवा, ती आतल्या आत फिरते आणि अंगाची ऊब खाली जमिनीला नेऊन देते. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी तुमच्या वजनाखाली ती चेपलेली असते, त्यामुळे खालून येणारी थंडी अडवायचं काम मॅटलाच करावं लागतं. आणि डबल बेडवर एकाने कूस बदलली की दुसरा जागा, त्यात मधे पोरगं असेल तर विचारूच नका.

म्हणून लेबलवर आर व्हॅल्यू शोधा, म्हणजे मॅट अंगाची ऊब खाली जाण्यापासून किती अडवते त्याचा आकडा. आकडा जितका मोठा तितकी थंडी कमी लागते. २०१८ साली तो मोजायचं एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड आलं, त्याआधी कंपन्या आपापल्या पद्धतीने मोजायच्या, त्यामुळे जुन्या मालावरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. माझा अंदाज असा की सह्याद्रीत एरवी १ ते २ पुरते, हरिश्चंद्रगडावर थंडीत राहणार असाल तर ३ च्या आसपास बघा, आणि केदारकंठासारख्या ठिकाणी बर्फावर तंबू लागणार असेल तर ५ च्या खाली जाऊ नका. यातली भारी गोष्ट म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, २ ची फोम खाली आणि ३ ची वर म्हणजे झाले ५, एका ट्रेकसाठी वेगळी महागडी मॅट घ्यायची गरज नाही.

पोरांसाठी डोळे झाकून फोम घ्या. त्यांचं वजन कमी, फोम फारसा दबत नाही, ती त्यावर उड्या मारतात, चहा सांडतात, करवंदीच्या जाळीत घासून आणतात, काही होत नाही. पावसात भिजली तरी पाणी आत जात नाही, पुसली की झालं. घडीच्या मॅटमध्ये थर्म-अ-रेस्टची झी लाइट सोल घ्या, १८३ बाय ५१ सेंटिमीटर, ४१० ग्रॅम आणि आर व्हॅल्यू २, पण गुंडाळायची साधी लोकल मॅटही पोरांना चालते, बाकीचे पैसे बुटांना ठेवा.

मोठ्यांचं मात्र फोमवर भागेलच असं नाही, विशेषतः कुशीवर झोपणाऱ्यांचं. गुहेतल्या कातळावर कंबरेचं हाड टेकतंच. आम्ही दोघं सेल्फ इन्फ्लेटिंग वापरतो, वॉल्व्ह उघडून पसरली की आतला फोम फुलतो आणि हवा ओढून घेतो, वर दोन-चार फुंकरा मात्र माराव्याच लागतात, नावावर जाऊ नका. वजन जरा जास्त आहे. हलकी एअर मॅट सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीएवढी जागा घेते हे खरं, पण आमच्यातली चंदेरी लेयरवाली रात्रभर वेफर्सच्या पुडीसारखी कुरकुरते, आणि आपल्याकडच्या काट्याकुट्यात खाली काहीतरी जाड अंथरल्याशिवाय मी ती उघडत नाही.

रात्री एअर मॅट मऊ पडली तर लगेच पंक्चर समजू नका, संध्याकाळी फुगवलेली हवा थंडीने आक्रसते, झोपायच्या आधी परत दोन फुंकरा मारा. खरंच पंक्चर असेल तर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे बघा, आणि कृपा करून गडावरच्या टाक्यात मॅट बुडवू नका, लोक ते पाणी पितात!

रुंदीही मोजून घ्या. टू-मॅन तंबू आतून साधारण १२० ते १३० सेंटिमीटर असतो, ५१ च्या दोन आरामात बसतात, ६४ च्या दोन घेतल्या तर सॅक बाहेर. मधे पोरगं घेणार असाल तर तंबूच मोठा लागेल. पोरांची मॅट आखूड चालते, आणि वजन वाचवायचं असेल तर मोठ्यांनाही कंबरेपर्यंतची पुरते, पायाखाली रिकामी सॅक टाकायची.

फुगवलेली मॅट उन्हात टाकून फिरायला जाऊ नका, आतली हवा तापून चिकटवलेले थर सुटतात आणि मधेच फुगवटा येतो, तो दुरुस्त होत नाही. सेल्फ इन्फ्लेटिंग घरी गुंडाळून ठेवायची नसते, वॉल्व्ह उघडा ठेवून पसरून ठेवायची, आमच्या पलंगाखाली असते, फक्त आई झाडू मारताना दर वेळी विचारते की हे ध्यान कधी उचलणार.